गाडीच्या ब्रेकचे तेल : घाटास कोणते, शर्यतीस कोणते

आंब्याचा हंगाम तोंडावर आला म्हणजे आमचा बागायतदार खोकी व पेंढा जमवितो, ताडपत्री दुरुस्त करून घेतो, गाडीचे टायर तपासतो आणि इंजिनाचे ऑइल बदलतो. परंतु ज्या पदार्थावर गाडीचा, मालाचा व माणसांचा जीव अवलंबून आहे, त्या ब्रेकच्या तेलाकडे बहुधा कोणाचेच लक्ष जात नाही. ते किती दिवसांचे आहे, कोणत्या जातीचे आहे, हे विचारले असता दहांपैकी एखाद्यासच सांगता येईल. सबब ह्या विषयाची साद्यंत माहिती वाचकांस द्यावी असे आम्ही योजिले आहे.

प्रथम आमच्या अनुभवातील एक गोष्ट सांगतो. एका वर्षी वैशाखात आमच्या शेजारच्या गावातील एका बागायतदाराची पिकअप गाडी कोल्हापुरास आंबा पोहोचवून पेंडीची पोती भरून परत येत होती. आम्हीही तीत बसलो होतो. आंबा घाट निम्मा उतरून झाल्यावर ड्रायव्हरने ब्रेकवर पाय दिला, तो पॅडल भुसभुशीत लागून तळापर्यंत गेले आणि गाडी मुळीच आवरेना. त्याने प्रसंगावधान राखून गिअर उतरविला व गाडी डोंगराच्या बाजूच्या चरात घातली म्हणून आम्ही वाचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो पॅडल पूर्ववत् घट्ट! मिस्त्रीने सर्व तपासले; कोठे गळती नाही, लायनर झिजलेले नाहीत. तेव्हा दोष ड्रायव्हरचाच, असे ठरून त्याची नोकरी जाण्याची वेळ आली. पुढे कोणीतरी सहज विचारले की, ब्रेकचे तेल शेवटी केव्हा बदलले होते? गाडी घेतल्यास चार वर्षे झाली होती आणि तेवढ्या काळात ते एकदाही बदललेले नव्हते. रात्री नाहीसा झालेला ब्रेक सकाळी परत कसा आला, ह्याचे उत्तर तेथेच होते.

ब्रेक चालतो कसा

लहान मोटारी, जीप, पिकअप व डिस्क ब्रेकच्या मोटारसायकली ह्यांचे ब्रेक द्रवाच्या दाबाने चालतात. (एस. टी.च्या बसेस व मोठे मालट्रक ह्यांना हवेचे ब्रेक असतात. त्यांस पुढील विवेचन लागू नाही.) बंदिस्त द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोहोचतो, हा नियम सतराव्या शतकात पास्कल नामक फ्रेंच विद्वानाने सांगितला. पॅडल दाबले की मास्टर सिलिंडरातील दट्ट्या द्रवावर दाब देतो. तो दाब नळ्यांवाटे चाकांपर्यंत जातो व तेथील दट्टे पॅड किंवा लायनर डिस्कवर अथवा ड्रमवर आवळून धरतात. द्रव दाबला तरी आकसत नाही, ह्या एकाच गुणावर हे सारे यंत्र उभे आहे. हवा किंवा वाफ मात्र आकसते. नळीत वाफेचा बुडबुडा झाला की पायाचा सर्व जोर त्या बुडबुड्यास दाबण्यातच खर्च होतो आणि चाकापर्यंत काहीच पोहोचत नाही.

१९२१ साली अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीने चारही चाकांस द्रवाचे ब्रेक असलेली मोटार विक्रीस आणली. त्या आरंभीच्या काळात एरंडेल व अल्कोहोल ह्यांचे मिश्रण ह्या कामी वापरीत, हे वाचून आमच्या शेतकरी बंधूंस नवल वाटेल. आज ज्यास आपण ब्रेक ऑइल म्हणतो ते वस्तुतः तेल नव्हेच. ते ग्लायकॉल ईथर नावाच्या रसायनाचे बनविलेले असते. नाव तेलाचे असले तरी इंजिनाचे तेल व हा द्रव ह्यांचे हाडवैर आहे, ते पुढे सांगू.

उष्णता किती उत्पन्न होते

भरलेली पिकअप ३,००० किलो वजनाची आहे व ती घाटात ४०० मीटर उंची उतरली असे धरू. एवढ्या उतरण्याने जी शक्ती मोकळी होते, ती सर्व उष्णतेत रूपांतरित झाल्यास २५ अंशांचे सुमारे ३७ लिटर पाणी उकळीस येईल. ह्यातील काही भाग वाऱ्याचा विरोध व इंजिनाची ओढ ह्यांत जातो. परंतु ड्रायव्हर सबंध घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरला, तर बहुतेक उष्णता चाकांशी असलेल्या थोड्याशा लोखंडात कोंडते. लोखंडातून ती पॅडात, पॅडातून दट्ट्यात व दट्ट्यातून द्रवात शिरते. द्रव उकळला की वाफ होते, आणि वाफ झाली की ब्रेक गेला. गाडी थंड झाल्यावर वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि पॅडल पूर्ववत् घट्ट लागते. आमच्या गोष्टीतील सकाळचा चमत्कार तो हाच.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. पॅडल घट्ट आहे, पाय जोराने देऊनही गाडी थांबत नाही व जळका वास येतो, तर पॅड किंवा लायनर तापून त्यांची पकड गेली आहे असे समजावे. पॅडल मऊ होऊन खाली जाते, तर द्रव उकळला, नळीत हवा शिरली किंवा कोठे गळती झाली असे समजावे. पहिल्या दोषास नवे तेल उपयोगी पडणार नाही, व दुसऱ्यास नवे लायनर.

आमच्या हवेचा गुण

पावसाळ्यात मिठाच्या बरणीस पाणी सुटते, हे प्रत्येक घरी ठाऊक आहे. ब्रेकच्या द्रवासही मिठासारखीच हवेतील ओल ओढून घेण्याची सवय आहे. रबरी नळ्यांतून, वायसरांतून व डबीच्या झाकणातून ही ओल हळूहळू आत शिरते. वर्षास एक ते दोन टक्के, असा सर्वसाधारण अंदाज सांगतात. रत्नागिरीस वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि पाऊस नसला तरी समुद्राची दमट हवा आहेच. अर्थात् जे वेळापत्रक कोरड्या मुलखातील गाडीस पुरेल ते आपणांस पुरेलच, असे मानू नये.

ओल ओढणे हा त्या द्रवाचा केवळ दुर्गुण आहे असेही नव्हे. पाणी त्यात विरघळून सर्वत्र पसरते म्हणूनच ते एके जागी साचत नाही. साचले असते तर सखल जागी, म्हणजे नेमके चाकाजवळ, गंज चढविते व १०० अंशांसच उकळून वाफ करते. पण विरघळलेले पाणीही फुकट राहत नाही. ते जसजसे वाढते, तसतसा सबंध द्रवाचा उत्कलनबिंदू, म्हणजे उकळीस येण्याचा अंश, खाली येतो.

डबीवरील अंकांचा अर्थ

बाजारात डॉट ३, डॉट ४, डॉट ५.१ व डॉट ५ अशा जाती मिळतात. डॉट ही अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या नावाची आद्याक्षरे होत. आपल्या देशात ब्रेकच्या द्रवासाठी भारतीय मानक आय. एस. ८६५४ आहे. प्रत्येक जातीस दोन अंक लावतात. एक कोरडा, म्हणजे नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू. दुसरा ओला, म्हणजे सुमारे ३.७ टक्के पाणी शोषल्यानंतरचा. अमेरिकेच्या नियमाने त्यांची किमान मर्यादा येणेप्रमाणे आहे :

डॉट ३ : कोरडा २०५ अंश, ओला १४० अंश.
डॉट ४ : कोरडा २३० अंश, ओला १५५ अंश.
डॉट ५.१ : कोरडा २६० अंश, ओला १८० अंश.

हे अंक नीट पाहावेत. नवा डॉट ३ हा २०५ अंश सोसतो, आणि ओला झालेला डॉट ४ हा १५५ अंशच. म्हणजे पाणी शोषलेल्या भारी तेलापेक्षा ताजे हलके तेल घाटात अधिक उपयोगाचे! सबंध लेखातून वाचकांनी एवढी एकच गोष्ट ध्यानात ठेविली तरी आमचे श्रम सार्थकी लागतील. बियाण्याच्या पिशवीवर जात कितीही नामांकित छापलेली असो, बी जुने असेल तर उगवण होत नाही. तद्वत् येथेही जातीइतकेच वय महत्त्वाचे आहे. दुकानदार कोरडा अंक मोठ्या अक्षरांत दाखवितो. घाट उतरणाऱ्याने ओला अंक विचारावा.

डॉट ५ हा प्रकार अगदी निराळा आहे. तो सिलिकोनचा असून ओळखू यावा म्हणून जांभळ्या रंगाचा करतात. तो पाणी शोषीत नाही, हे ऐकून कोकणास हाच योग्य असे कोणास वाटेल. परंतु त्यामुळेच आत शिरलेले पाणी वेगळे राहून सखल जागी साचते. शिवाय तो इतर जातींत मिसळत नाही, व चाक जाम होऊ न देणारी ए. बी. एस. यंत्रणा असलेल्या गाडीस चालत नाही. नावात ५ असल्यामुळे डॉट ५ व डॉट ५.१ ह्यांचा घोटाळा होतो, तो होऊ देऊ नये. डॉट ५.१ हा डॉट ३ व ४ ह्यांच्याच ग्लायकॉल कुळातला आहे.

शर्यतीचे तेल गाडीत घालावे काय

आमच्या एका सभासदाच्या चिरंजीवांनी विचारले की, शर्यतीच्या मोटारींत ३०० अंशांहून अधिक उष्णता सोसणारे तेल वापरतात, तर तेच आपण पिकअपमध्ये का घालू नये? प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर सविस्तर दिले पाहिजे. मद्रासेजवळ इरुंगाट्टुकोट्टई येथे शर्यतीची धावपट्टी आहे. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडास बुद्ध धावपट्टीवर २०११ ते २०१३ ह्या वर्षी फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या. अशा ठिकाणी १,००० किलोंची गाडी ताशी २०० किलोमीटरांवरून ८० वर काही सेकंदांत आणावयाची असते. हिशेब केला तर आमची भरलेली पिकअप ४०० मीटर घाट उतरताना जी शक्ती मोकळी करते, ती अशा सुमारे नऊ ब्रेकांएवढी भरते. शर्यतीत असे ब्रेक प्रत्येक फेरीत अनेकदा लावावे लागतात. म्हणून तेथे उष्णता प्रचंड. परंतु दोन ब्रेकांच्या मध्ये वेगाचा वारा चाकांस निववितो. घाटात उलटा प्रकार : उष्णता सावकाश येते, पण सतत येते, आणि गाडीचा वेग कमी असल्याने वारा थोडा.

शर्यतीच्या तेलात कोरडा उत्कलनबिंदू उंच नेण्यावर सारा भर असतो. ते तेल शर्यतीपूर्वी ताजे भरतात, मधून मधून नळ्यांतील हवा काढतात व लवकर बदलतात. ते वर्षभर गाडीत राहावे ही अपेक्षाच नसते. शर्यतीच्या चांगल्या तेलाचाही ओला उत्कलनबिंदू पुष्कळदा २०० अंशांच्या आसपास येतो, म्हणजे डॉट ५.१ च्या १८० अंशांहून फार वर नव्हे. काही थोडी तेले ह्यास अपवाद आहेत, पण त्यांची किंमत अनेकपट पडते. तात्पर्य, शर्यतीचे तेल भरून दोन वर्षे विसरणारा मनुष्य साधे तेल दरसाल बदलणाऱ्यापेक्षा अधिक धोक्यात असतो. ज्या हौशी तरुणांस तीच मोटार रस्त्यावर व कधीकाळी धावपट्टीवर चालवावयाची असेल, त्यांनी हस्तपुस्तिकेस मान्य असलेल्या जातीतील उंच अंकाचे डॉट ४ किंवा डॉट ५.१ घ्यावे, धावपट्टीवर जाण्याच्या आधी ते ताजे भरून घ्यावे, आणि परतल्यावर पॅडल मऊ लागल्यास हवा काढल्याशिवाय घाटात जाऊ नये.

निवड कशी करावी

१. प्रथम तेलाच्या डबीचे झाकण पुसून वाचावे. तेथे डॉटचा अंक छापलेला असतो. नसल्यास हस्तपुस्तिका पाहावी. त्याखालची जात कधीही घालू नये. डॉट ४ ची गाडी असता दुकानात डॉट ३ च मिळाले, तर दुसरे दुकान गाठावे.

२. झाकणावर डॉट ३ असल्यास, हस्तपुस्तिकेची परवानगी असेल तर डॉट ४ घालावे. परशुराम, भोस्ते, कुंभार्ली किंवा आंबा हे घाट भरल्या गाडीने वारंवार ओलांडणाऱ्यास हा थोडा जादा खर्च हितावह आहे. जुन्यात नवे मिसळून मात्र लाभ होत नाही. सर्व तेल बदलावे.

३. लहान, मोहरबंद बाटली घ्यावी. फोडलेली बाटली पुढील वर्षासाठी ठेवू नये. ती माळ्यावरच ओल शोषीत बसते.

४. ट्रॅक्टरच्या बाबतीत विशेष जपावे. पुष्कळ ट्रॅक्टरांचे ब्रेक तेलात बुडालेले असतात व त्यांस खनिज तेल लागते. त्यात डॉटचा द्रव, किंवा पिकअपच्या डबीत ट्रॅक्टरचे तेल घातल्यास रबरी वायसर फुगून निकामी होतात. ज्या नरसाळ्याने इंजिनाचे तेल ओतले, ते नरसाळे किंवा रॉकेलने भिजलेले फडके ब्रेकच्या डबीजवळ येऊ देऊ नये. एका थेंबाच्या हयगयीने सबंध यंत्रणा उलगडण्याची पाळी येते.

बदल केव्हा व कसा करावा

गाडीचे कारखानदार सामान्यतः दोन वर्षांची मुदत सांगतात. कोकणात घाटाचे काम करणाऱ्या गाडीस आम्ही एक वर्षाची शिफारस करतो. वेळ साधावयाची ती पावसाळा संपल्यावर व आंबा निघण्यापूर्वी. मोहोरावर पहिली फवारणी कराल, त्याच आठवड्यात गाडीचेही हे काम उरकून घ्यावे; म्हणजे पावसाळ्यात शिरलेली ओल निघून जाते व हंगामास ताजे तेल मिळते.

नुसते डबीतील तेल उपसून नवे भरणे म्हणजे बदल नव्हे. जुने तेल नळ्यांत व चाकांशी असते, आणि उकळते ते तेथलेच. म्हणून प्रत्येक चाकाचा निप्पल सैल करून, पॅडल दाबून, स्वच्छ तेल येईपर्यंत जुने बाहेर काढावे. चाकांचा क्रम हस्तपुस्तिकेत दिल्याप्रमाणे घ्यावा. काम चालू असता डबी रिकामी होऊ देऊ नये, नाहीतर हवा आत जाते. हे काम आपल्या देखत करून घ्यावे. बाहेर निघालेले तेल पुन्हा वापरू नये, विहिरीच्या किंवा पऱ्ह्याच्या बाजूस ओतू नये, व मुले आणि गुरे ह्यांच्यापासून दूर ठेवावे. ते विषारी आहे. रंगावर सांडल्यास रंग उठतो, म्हणून तत्काळ पाण्याने धुवावे.

डबीतील पातळी उतरली तर केवळ वरून भर घालून समाधान मानू नये. पॅड झिजले म्हणजे पातळी थोडी उतरतेच; परंतु एकाएकी उतरल्यास कोठेतरी गळती आहे असे निश्चित समजावे.

तेल हा गिअरचा बदला नव्हे

शेवटी स्पष्टपणे सांगितले पाहिजे की, उत्तमात उत्तम तेलही चुकीच्या उतरण्यास पुरे पडत नाही. ज्या गिअरात घाट चढावा लागतो त्याच गिअरात तो उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम सोळा आणे खरा आहे. ब्रेक सतत धरून न ठेवता थोडा जोराने दाबून सोडावा. डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून गाडी सोडणे हा आत्मघात होय. इंजिन बंद पडले की ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार दाबांतच संपते. घाटाखाली चहासाठी थांबल्यास निघताना आधी पॅडल दाबून पाहावे. उभ्या गाडीस वारा लागत नाही, त्यामुळे तापलेल्या लोखंडाची उष्णता द्रवात शिरून तो थांबल्यानंतरही उकळू शकतो. आणि पॅडल मऊ लागलेच तर गिअर उतरवावा, पॅडल भराभर वरखाली करावे, हातब्रेक जपून ओढावा व गाडी डोंगराच्या अंगास घ्यावी.

आमच्या गोष्टीतील ड्रायव्हराकडून चूक झाली नाही असे आम्ही म्हणत नाही. तो बराच वेळ ब्रेकवर पाय ठेवून होता. परंतु चार वर्षांचे ओले तेल त्याने घातलेले नव्हते. गाडीची डबी उघडून पाहण्याचा अधिकार व पैसा मालकाच्या हाती असतो. घाटात मात्र पुढे बसतो तो ड्रायव्हर, आणि बहुधा त्याच्या शेजारी आपलाच मुलगा. वर्षाचे तेल हापूसच्या एका पेटीच्या किमतीहून कमीत येते. मागील गोष्टीतील मालकांनी पुढे ड्रायव्हरास कामावर ठेविले, आणि तेल बदलल्याची तारीख डबीच्या झाकणावर रंगाने लिहून ठेवण्याची रीत पाडली. ती रीत आमच्या सर्व वाचकांनी उचलावी, एवढेच आमचे सांगणे आहे.